सुंदररावांचं पान

वडवणीच्या बाजारपेठेत सुंदररावांचं खता-बियाण्याचं दुकान आहे. पाटीवर ‘वनमाला कृषी सेवा केंद्र’ असं लिहिलेलं. वनमाला म्हणजे त्यांची बायको. नाव देताना तिला विचारलं नव्हतं, आणि दिल्यावर ती दुकानाकडं फारशी फिरकली नाही. तीस वर्षं सुंदरराव त्या गल्ल्यामागं बसून पंचक्रोशीला सल्ले देत आले. कापसाचं पान लाल पडलं, विचारा सुंदररावांना. मिरची गुंडाळली, दाखवा सुंदररावांना. माणूस पिशवीतून रोगट पान काढून पुढ्यात ठेवायचा. मग सुंदरराव चष्मा कपाळावर सरकवून, पान उजेडाकडं धरून, मोठ्या डॉक्टरासारखं ‘हूं’ म्हणायचे. या ‘हूं’चा त्यांना भारी अभिमान होता. त्यातले निम्मे ‘हूं’ वेळ काढायला असतात, तेवढ्यात औषधाचं नाव आठवून जातं, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

प्रियदर्शनी ही त्यांची एकुलती मुलगी. तिचं शिक्षण संपलं तसं सुंदररावांनी तिलाही असाच एक सल्ला दिला. तलवाड्याचं एक स्थळ आलं होतं. घर बघण्यासारखं, जमीन सगळी ओलिताखालची, मुलगा राजकारणात बऱ्यापैकी पुढं आलेला. सुंदररावांनी आधी तलवाड्याला होकार कळवला आणि मग मुलीला. मुलीनं ताटावरून न उठता, शांतपणे ‘मला नाही करायचं’ म्हणून सांगितलं, आणि पंधरा दिवसांत पुण्याच्या एका विमा कंपनीत नोकरी धरली. होकार परत घ्यायला सुंदररावांना स्वतः तलवाड्याला जावं लागलं. तिथं त्यांना चहा मिळाला, पण बशीशिवाय.

त्यानंतर आठ महिने बापलेकीचं बोलणं नव्हतं. फोन आला की सुंदरराव नाव बघायचे, “घे, तुज्या लेकीचा हाय,” म्हणून फोन वनमालाबाईंच्या हातात द्यायचे आणि बाजूच्या खोलीत जाऊन टीव्हीचा आवाज कमी करून बसायचे. टीव्ही ऐकू येत नाही इतका कमी आवाज माणूस कशासाठी करतो, हे वनमालाबाईंना कळत होतं. त्या मुद्दाम मोठ्यानं बोलायच्या.

अशात फेब्रुवारीत, सुंदररावांच्या साठाव्या वाढदिवसाला, कुरिअरनं एक खोकं आलं. आत कागदाच्या चिंध्यांत गुंडाळलेली वाटीएवढी पांढरी कुंडी, आणि कुंडीत एकच पान. तळहाताएवढं, जाड, गुळगुळीत, पत्त्यातल्या बदामासारखं. खोड नाही, फांदी नाही, नुसतं पान देठावर उभं. सोबत चिठ्ठी होती: ‘अप्पा, हे होया. वेल असतो, मेणासारखी फुलं येतात. काळजी घ्या.’

सुंदररावांनी ती चिठ्ठी चार-पाच वेळा वाचली. ‘काळजी घ्या’ म्हणजे स्वतःची की झाडाची, ते काही त्यांच्या ध्यानात येईना. वनमालाबाईंना विचारायची लाज वाटली. शेवटी त्यांनी धोका पत्करायचा नाही असं ठरवलं आणि झाडाची काळजी घ्यायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी फोन लावला.

“ह्याला पाणी किती घालायचं?” हॅलो नाही, कशी आहेस नाही.

पलीकडचा कीबोर्डचा खडखडाट थांबला. मग प्रियदर्शनी म्हणाली, “माती पूर्ण वाळल्यावरच. पंधरा दिवसांतून एकदा.”

“पंधरा दिवसांतून? मरंल की ते.”

“नाही मरत, अप्पा. जास्त पाण्यानं मरतं.”

“बरं. उन्हात ठिवू का?”

“उजेडात ठेवा. उन्हात नको.”

“बरं,” सुंदरराव म्हणाले आणि फोन ठेवला. तीस वर्षं लोकांना पाण्याच्या पाळ्या सांगणाऱ्या माणसानं पहिल्यांदा कुणाला तरी पाणी विचारलं होतं. पण विचारून झाल्यावर त्यांना बरं वाटलं, इतकं की संध्याकाळी त्यांनी विनाकारण भेळ नेली घरी.

तेव्हापासून दर रविवारी फोन सुरू झाला. विषय एकच, पान. पान ताठ आहे. पानावर धूळ बसली होती, ओल्या फडक्यानं पुसली. पानाची एक कड किंचित पिवळी वाटते, पण उजेडाचा फरक असेल. वनमालाबाई ऐकत बसायच्या. एकदा म्हणाल्या, “पोरगी तापानं पडलीती मागल्या आठवड्यात. ते तरी विचारा.” सुंदररावांनी पुढच्या रविवारी फोन लावला आणि म्हणाले, “तू आजारी होतीस म्हणं. पानाला बी जरा मरगळ होती.”

खरं सांगायचं तर पानाला मरगळ-बिरगळ काही नव्हती. पान होतं तसंच होतं. मार्च गेला, एप्रिल गेला, पान तेवढंच. सुंदररावांचा हात शिवशिवू लागला. दुकानात एवढी खतं असताना आपल्याच घरचं झाड उपाशी का, म्हणून त्यांनी पाण्यात विरघळणारं खत चिमूटभर दिलं. मग मुळ्या फुटायचं औषध थेंबभर दिलं. मग फुटवे वाढवायचं औषध दिलं, ज्याबद्दल ते शेतकऱ्यांना सांगत की आठ दिवसांत फरक दिसतो. आठ दिवसांचे चाळीस दिवस झाले. मे महिन्यात ऊन असं तापलं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं, तेव्हा सुंदररावांनी कुंडी दुकानात नेली आणि कूलरच्या बाजूला हिरव्या जाळीचा मांडव घालून ठेवली. स्वतः पंख्याखाली घाम पुसत बसले.

दुकानात कुंडी आल्यावर गावाला कळलं. सगळ्यांत आधी समोरच्या हॉटेलवाल्या सिदूला. त्यानं कुंडीत वाकून बघितलं आणि विचारलं, “अप्पा, ह्याला चुना-कात कवा लावायचा?” तेवढं पुरलं. बाजाराच्या दिवशी लोक दुकानात शिरायचे ते ‘अप्पा, पान कसं हाय’ असं विचारतच. सुंदरराव गंभीरपणे उत्तर द्यायचे, कारण त्यांना ती थट्टा आहे हेच बरेच दिवस उमगलं नव्हतं. उलट एकाला त्यांनी पाऊण तास होया या वनस्पतीवर व्याख्यान दिलं. तो माणूस बिचारा उंदराच्या औषधासाठी आला होता.

पावसाळ्यात देठाशी पांढरा कापसासारखा पुंजका दिसला. पिठ्या ढेकूण. सुंदररावांना आनंद झाला म्हटलं तरी चालेल. शेवटी एकदाचा आपल्या हुद्द्याला शोभेल असा रोग आला. त्यांनी भिंगातून तपासणी केली, साबणाचं पाणी केलं, काडीला कापूस गुंडाळला आणि एकेक किडा टिपून काढला. त्या रविवारचा फोन पंचवीस मिनिटं चालला. प्रियदर्शनी मधेमधे खोकत होती. सुंदररावांना वाटलं, पुण्याची हवा. ती हसू दाबत होती, हे त्यांना फार पुढं कळलं.

असं करता करता दुसरा फेब्रुवारी गेला, दुसरा उन्हाळा गेला. पान जिवंत होतं, हिरवं होतं आणि एकटं होतं.

कडूबाई ही मेंढरं राखणाऱ्या धुळाजीची बायको. रोज सकाळी ती सुंदररावांच्या घरी दुधाचा रतीब घालायची आणि ओट्यावर टेकून वनमालाबाईंशी चार शब्द बोलायची. उमेदीची वीस वर्षं नवऱ्याबरोबर कोयता घेऊन कारखान्यांवर ऊस तोडला होता तिनं. आता गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून घरी. पावसाळ्याच्या तोंडाला कुंडी परत घरी आली होती, ओसरीवरच्या कोनाड्यात. एका सकाळी सुंदरराव पानाजवळ पाट टाकून बसले होते आणि चमच्यानं माती उकरत होते.

“मालक, काय शोधायलाव?” कडूबाईनं विचारलं.

“फुटवा येतो का बघतोय. दीड वर्ष झालं.”

कडूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली, जवळ आली. कुंडी हातात घेतली, पान देठासकट अलगद हलवलं, बोटानं बुडाशी चाचपलं. पान सहज वर आलं. खाली मुळ्यांची दाट जटा होती, चांगली पांढरीशुभ्र. सुंदररावांनी झेलायला दोन्ही हात पुढं केले, पण मुळ्या बघून ते खूश झाले.

“मुळ्या बघ की कशा हायत,” ते म्हणाले.

“मुळ्या हायत. पर डोळा कुठंय?”

“कसला डोळा?”

“उसाचा असतो तसला. टिपरीला डोळा न्हाई तर ऊस उगवतो का मालक? ही नुसती काडी अन् पान. फुटवा येणार कुटून, ह्याच्यातून का ह्याच्यातून?” तिनं देठाच्या दोन्ही बाजू दाखवल्या. “ह्याच्या पोटी काय न्हाई. मुळ्या हायत म्हणून जगतंय आपलं. म्हातारं माणूस जगतं तसं.”

सुंदररावांनी देठ हातात घेतला. चष्मा कपाळावर सरकवला. या वेळी ‘हूं’ म्हणून आठवण्यासारखं काही नव्हतं. उसाचं बेणं विकताना त्यांनी हजारो लोकांना बजावलं होतं, डोळा बघून घ्या, मुका डोळा असंल तर पैसे परत. आणि इथं दीड वर्ष ते एका आंधळ्या पानाला फुटव्याचं औषध पाजत होते.

आत वनमालाबाई दुधाचं पातेलं घेऊन उभ्या होत्या.  काही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुंदररावांना वाटलं.

त्या दिवशी दुकानात त्यांचं लक्ष नव्हतं. पानाचं काही वाटत नव्हतं. पान फसवं निघालं तर निघालं. घोर वेगळाच होता. रविवार तीन दिवसांवर आला होता. पान वाढणारच नाही म्हटल्यावर रविवारी बोलायचं काय? तू कशी आहेस, असं विचारून तिनं ‘बरी आहे’ म्हटलं तर त्याच्या पुढं काय विचारतात, ते त्यांना माहीत नव्हतं. आणि तिनं सांगितलंच की मी अजून रागावले आहे, तर त्याला कुठलं औषध?

साठी उलटलेल्या, चार गावांत मान असलेल्या माणसानं मग जे केलं ते असं. शुक्रवारी सकाळी ‘बीडला कंपनीची मीटिंग हाय’ असं घरी सांगून ते मोटरसायकल घेऊन निघाले आणि मांजरसुंब्याला, महामार्गाच्या कडेच्या एका नर्सरीत शिरले. हेल्मेट काढलं नाही. ओळखीचं कुणी भेटू नये.

नर्सरीवाला चाळिशीतला माणूस होता. त्यानं आवाजावरूनच ओळखलं.

“अप्पा, तुमी? मी बजरंग. ध्यानात न्हाई व्हय? बारा वर्षांमागं तुमच्या दुकानात आलतो. नर्सरी टाकतो म्हणलो, तर तुमी म्हणलाव, आपल्या भागात फुलझाडं कोण इकत घेणार, येडा हायस का बे. कापूस लाव गुमान.”

“मग?”

“मग काय, न्हाई ऐकलं,” बजरंग हसून म्हणाला. मागं दीड एकरावर त्याची रोपं हारीनं उभी होती.

सुंदररावांनी हेल्मेट काढलं. आता काही उपयोग नव्हता. होयाचा वेल पाहिजे म्हणाले. बदामासारख्या पानांचा नव्हता. लांबट, जाड पानांचा होता, हातभर उंचीचा, तीन वर्षांचा. बजरंगनं बजावून सांगितलं, “कुंडी मोठी घिऊ नका. मुळ्या दाटीत राहिल्या तरच फुलतो हा. पाणी कमी. अन् फूल गळल्यावर त्याचा दांडा तोडू नका, पुढच्या साली त्याच दांड्याला परत फुलं येतेत.” सुंदरराव मान डोलावत ऐकत होते. दुकानात लोक त्यांच्यापुढं अशीच मान डोलावतात, आणि घरी जाऊन त्यांतलं काहीच करत नाहीत, हे त्यांच्या मनात येऊन गेलं.

वनमालाबाई वाती वळायला शेजारी गेलेल्या बघून त्यांनी ओसरीवर शस्त्रक्रिया केली. वेल त्याच वाटीएवढ्या कुंडीत कोंबला, बदामासारख्या पानाच्या देठाला अगदी खेटून, पान मधोमध येईल असा. लांबून बघितलं तर पानाच्या बुडातून वेल फुटल्यासारखा दिसत होता. जवळून बघितलं तर दोन अनोळखी माणसं एका खुर्चीत बसल्यासारखी दिसत होती. सुंदररावांनी लांबून फोटो काढला. तरी हातभर वेल एकदम कसा दाखवायचा, म्हणून वरचा भाग कोनाड्याच्या आड दडवला आणि फक्त खालची दोन पानं दिसू दिली. ‘फुटवा आला’ एवढंच लिहून पाठवलं.

उत्तर यायला संध्याकाळ झाली. प्रियदर्शनीनं लिहिलं होतं, ‘अप्पा, कमाल आहे.’

त्यानंतर दर रविवारी कोनाड्याच्या आडून दोन-दोन पानं बाहेर येऊ लागली. एकदा खोटं बोललं की त्याची मशागत करावी लागते. सुंदरराव आदल्या दिवशी ठरवत, या आठवड्यात वेल किती वाढला म्हणायचा. गंमत अशी, की लबाडी उघडी पडू नये म्हणून त्यांनी कुंडी बदलली नाही, त्यामुळं मुळ्या दाटीत राहिल्या. माती हलवली तर पान वेगळं होईल म्हणून पाणीही जपून घातलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून एका झाडाची बिनचूक निगा राखली गेली, ती अशी.

अर्थात अक्कल अधूनमधून उसळी मारायचीच. एका आठवड्यात वेलाच्या शेंड्यातून एक लांबलचक, बिनपानाची तार निघाली. सुंदररावांनी ओळखलं, हा वांझ फुटवा. उगाच ताकद खातो. कात्रीनं कापला. पांढरा चीक ठिबकला. फोटो पाठवून लिहिलं, ‘छाटणी केली.’

लगेच फोन आला. “अप्पा, ते कापायचं नसतं. आधी तार येते, पानं त्याला मागून येतात.”

“मला वाटलं वांझ हाय.”

“थोडं थांबायचं ना मग,” ती म्हणाली. आवाजात चीड नव्हती. पण सुंदररावांना ते वाक्य दोन दिवस पुरलं. तलवाड्याला होकार कळवताना त्यांनी किती वेळ थांबून पाहिलं होतं? एक चहा होईपर्यंत.

महालक्ष्म्यांच्या सणाला प्रियदर्शनी आली. नोकरी धरल्यापासून पहिल्यांदाच. पिशवी ठेवून, आईच्या गळ्यात पडून झाल्यावर ती थेट कोनाड्यापाशी गेली. सुंदरराव पेपर उघडून खुर्चीत बसले. पेपर कालचा होता.

“अप्पा, हे पान बदामासारखं, आणि वेलाची पानं लांबट कशी हो?”

“पोरं आईवरच जातात असं थोडंच हाय,” सुंदरराव पेपराआडून म्हणाले. हे उत्तर त्यांनी महिन्याभरापासून तयार ठेवलं होतं.

 तेवढ्यात कडूबाई दूध घेऊन आली. पोरीला बघून तिला आनंद झाला, तोंडावरून हात फिरवून तिनं बोटं मोडली, आणि मग कुंडीकडं बघून म्हणाली, “बरा लागलाय की वेल. मांजरसुंब्याहून आणला तवा लई मरगळलेला हुता. मालकांनी हेल्मेटात झाकून आणला, पर आमचं धनी तवा तिकडंच मेंढरं घिऊन हुतं ना, त्यांला दिसलं.”

 वनमालाबाई हातातलं पीठ झटकत दारात आल्या. सुंदररावांनी पेपर खाली केला, कारण आता त्याच्या आड लपण्यात काही अर्थ नव्हता.

“म्हणजे कंपनीची मीटिंग,” वनमालाबाई म्हणाल्या.

“तीच,” सुंदरराव म्हणाले.

कडूबाईला काहीतरी चुकलं एवढं कळलं. ती भांडं उपडं करून निघून गेली.

“मी खोटं बोललो,” सुंदरराव मुलीला म्हणाले. “त्या पानाला डोळाच न्हाई. ते कवाच वाढणार न्हाई. कडूबाईनं दाखवलं तवा कळलं मला. मला, बेणं इकणाऱ्याला.”

प्रियदर्शनी पायरीवर बसली. “मला तिसऱ्याच आठवड्यात कळलं होतं, अप्पा. दुकानात छान दिसलं म्हणून घेतलं मी. मग वाचलं, की असं नुसतं पान विकतात, ते आयुष्यभर पानच राहतं.”

“मग सांगितलं कावून न्हाई? मी इथं दीड वर्ष त्याला औषधं पाजतोय. माझ्यावर गाव हसतंय.”

“सांगितलं असतं तर तुम्ही रविवारी फोन केला असता?”

सुंदररावांनी पेपरची घडी घातली. मग ते उठले, चपला घातल्या आणि दुकानात जाऊन बसले. सणामुळं दुकान बंद होतं, तरी शटर अर्धं उघडून बसले. पोत्यांच्या वासात तासभर बसून त्यांनी हिशोब लावला, की मुलीनं त्यांना फसवलं की त्यांनी मुलीला. दोन्हीकडून बेरीज सारखीच येत होती. आपल्याला राग आलाय का, हेही त्यांनी तपासून पाहिलं. राग सापडला नाही. सापडली ती लाज, आणि तिच्या बुडाशी काहीतरी बरं वाटणारं. पोरगी दर रविवारी पानाची बातमी ऐकायला फोन घेत नव्हती तर.

ते घरी आले तेव्हा ती सोळा भाज्या निवडत बसली होती. सुंदरराव समोर बसले. त्यांनी एक गवारीची शेंग घेतली आणि उलट्या बाजूनं मोडली.

“तुजं हापिस कसं हाय?” त्यांनी विचारलं.

ती सांगायला लागली. अपघाताचे दावे तपासायचं काम, वरचा साहेब खडूस, एक म्हातारी रोज फोन करून मेलेल्या म्हशीचं विचारते. सुंदरराव ऐकत होते. मधेच दोनदा त्यांनी सल्ला दिला. एकदा साहेबाबद्दल आणि एकदा म्हशीबद्दल. दुसऱ्या वेळी तिनं नुसतं बघितलं, तेव्हा त्यांनी दुसरी शेंग उचलली.

“तलवाड्याचं,” थोड्या वेळानं ते म्हणाले, “तुला आधी विचारायला पायजे होतं.”

“हो,” ती म्हणाली. “पायजे होतं.” आणि निवडलेली गवार त्यांच्यापुढून ओढून घेतली, कारण ते शिरांसकट टाकत होते.

वेल पुढच्या जुलैत फुलला. एका दांड्यावर पंधरा-वीस चांदण्यांचा गुच्छ, गुलाबीसर पांढरा, मधोमध लाल ठिपका, मेणाचा ओतून काढल्यासारखा. दिवेलागणीला ओसरीभर गोड वास सुटला. कडूबाई म्हणाली, “रुईच्या फुलावानी दिसतंय, पर ह्याला वास हाय.” फुलांतून मध ठिबकून खाली मुंग्या लागल्या. सुंदररावांचा हात मुंग्यांच्या पावडरीकडं गेला, आणि ते मधेच थांबले. आधी फोन केला. फुलं दहा दिवसांनी गळली, तेव्हा दांडा तोडला नाही. वनमालाबाईंनी कात्री आधीच लपवून ठेवली होती.

प्रियदर्शनीनं वेलाची एक फांदी मागितली. पोस्टानं पाठवायचा विश्वास वाटेना, म्हणून सुंदरराव ती ओल्या फडक्यात गुंडाळून स्वतः पुण्याला घेऊन गेले. मुलगी कुठं राहते ते त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर तीन मुलींची खोली होती. दार मोहिनी नावाच्या मुलीनं उघडलं आणि त्यांना बघताच तिच्या तोंडावर ओळखीचं हसू पसरलं.

“या काका. पानवाले काका ना?”

सुंदरराव फांदी हातात धरून उभे राहिले. आतून प्रियदर्शनी धावत आली. “मोहिनी, गप्प बस.”

“त्यात काय? काका, तुमचा फोन स्पीकरवर असायचा. आम्ही रविवारी चहा ठेवूनच बसायचो. ते ढेकूण टिपले तुम्ही, तेव्हा तर शेजारच्या खोलीतल्या मुली पण आल्या होत्या ऐकायला.”

म्हणजे वडवणीच काय, पुणंही हसत होतं. सुंदरराव खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसायचं काही नव्हतं, पण तेवढा वेळ मिळाला.

“लई हसायच्या का?” त्यांनी विचारलं.

मोहिनीनं प्रियदर्शनीकडं बघितलं. “लई,” ती म्हणाली.

“मग हेल्मेटचं तुमाला कुणी सांगितलं का न्हाई?” सुंदरराव म्हणाले.

ते कुणी सांगितलं नव्हतं. प्रियदर्शनीनं तेवढं मात्र पोटात ठेवलं होतं. सुंदररावांनी तिला चहा टाकायला सांगितलं, शेजारच्या मुलींनाही बोलवा म्हणाले, आणि बशीशिवायच्या चहापासून सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. चारची गाडी चुकली. साडेपाचच्या गाडीनं ते परतले.